सुरजीतने उघडलेलं इंजिन

तो रॉकर शाफ्ट त्यांनी भिंतीवर उलटा लावला होता.

चंदीगडच्या आयटी पार्कजवळ एक कॉफीचं दुकान आहे. कंपनीच्या कामासाठी गेलो होतो, पुढच्या बैठकीला वेळ होता, म्हणून तिथे जाऊन बसलो. भिंतीवर जुन्या मोटारींचे भाग टांगलेले होते. गोल दिवे, स्टिअरिंगचं चाक, गंजलेल्या नंबरप्लेट, आणि मधोमध, पिवळ्या दिव्याच्या झोतात, हा रॉकर शाफ्ट. इंजिनाच्या डोक्यावर बसणारी एक लोखंडी दांडी आणि तिच्यावर ओळीने बसवलेले आठ आखूड हात. एकेक हात एकेका व्हॉल्व्हला खाली दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. इंजिन श्वास घेतं ते या हातांच्या जिवावर. इथे ते हात आभाळाकडे वळवले होते, आणि गिऱ्हाइकांनी त्यांना आपापली जाकिटं अडकवली होती.

"ये उलटा लगा है," मी काउंटरवरच्या मालकिणीला म्हणालो.

ती छान हसली. "किसको पता चलता है, सर? विंटेज लुक है बस."

मला राग आला. तिच्यावर नव्हे, मी सांगतोय त्या वर्षांत ती जन्मलीही नसेल. पण ते 'किसको पता चलता है' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. कारण आम्ही सगळे, आमची ती सुशिक्षित वसाहत, माझे वडील, त्यांच्यामागे उभा असलेला मी, याच एका भरवशावर तेव्हा जगत होतो. कोणाला कळणार आहे?

मी पन्नाशी ओलांडली आहे. इतक्या वर्षांत राग निवायला हवा होता. निवला नाही.

त्या काळात रस्त्यावर दोनच तऱ्हेच्या गाड्या दिसायच्या. आमची त्यातली लहान, करड्या रंगाची, बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून घेतलेली. बाबा केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत होते. मिरजेहून निघालेलं आमचं बिऱ्हाड दोन-तीन गावं फिरत चंदीगडला येऊन थांबलं होतं. फाटक असलेली वसाहत, सारखी घरं, प्रत्येक घराला पत्र्याचं एक गॅरेज. रस्त्याच्या दुतर्फा जांभळाची झाडं. जूनमध्ये धुळीचं वादळ उठलं की आकाश आधी पिवळं, मग विटकरी व्हायचं, आणि दारं-खिडक्या लावून बसलं तरी दातांखाली कचकच यायची. वादळ गेलं की उत्तरेचे डोंगर धुतल्यासारखे जवळ यायचे.

रविवार सकाळचा आवाज मला अजून आठवतो. शेजारच्या रेडिओच्या आधी, दूधवाल्याच्या किटल्यांच्या आधी, सुरजीतची स्कूटर. तो मनीमाजऱ्याहून यायचा. तिथल्या जुन्या बाजाराच्या मागे, एका गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज होतं. उंच, पोटाने सुटलेला, फिकट निळी पगडी, आणि बोलणं असं की शेवटच्या घरापर्यंत ऐकू जावं. स्कूटर लावायच्या आधीच त्याची घोषणा व्हायची, "भैणजी, चाह. मीठा रोक के." साखर कमी घालायला सांगायचा आणि मग बशीतली बिस्किटं सगळी संपवायचा.

सुरजीत काही फार नेटका कारागीर नव्हता. हे सांगायला हवं, कारण आता त्याच्याबद्दल लिहिताना त्याला संत करण्याचा मोह होतो. तो गप्पिष्ट होता, बढाईखोर होता. 'एक घंटा' म्हणाला की दुपार जायची. काम संपलं की त्याच्या हातात नेहमी एखादा नट शिल्लक राहायचा आणि तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "देख काके, बनाने वालों ने एक फालतू लगा दिया था." पंजाबीत पोराला काका म्हणतात. मी कॉलेजात होतो, मिशी फुटली होती, तरी त्याच्यासाठी काकाच. बॉनेट उघडायची आतली केबल तुटली तेव्हा त्याने नवी न घालता एक तार जाळीतून बाहेर काढून ठेवली. बोट घालून ओढली की बॉनेट खाड्कन उघडायचं. बाबांना ती तार अजिबात आवडायची नाही. "कोई भी खोल लेगा," ते म्हणायचे. "कोई भी क्यों खोलेगा, साब? अंदर क्या सोना रखा है?" सुरजीत म्हणायचा.

त्याचं टॅपेट लावणं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, बघण्यासारखं असे. वरचं झाकण काढायचं की खाली तेलात न्हालेले रॉकर, त्यांच्या टोकाशी स्प्रिंगा, आणि गरम तेलाचा तो वास, थोडा जळका, थोडा गोडसर. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवायची असते. कमी झाली तर व्हॉल्व्ह जळतो, जास्त झाली तर टकटक वाजतो. त्या फटीत पोलादाची पातळ पट्टी सरकवायची; ती किंचित अडत सरकली पाहिजे. सुरजीत पट्टी सरकवायचा, डोळे मिटायचा, स्क्रू चिमूटभर फिरवायचा आणि जाहीर करायचा, "फिट."

आणि खिडकीतून आईचा आवाज यायचा. "चौथा बजता है."

आई मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाढली होती. गाणं ती शिकली नाही, पण लहानपणभर तिने कारागिरांना तारेखाली दोरा सरकवत जवारी लावताना ऐकलं होतं. इंजिन सुरू झालं की ती पोळी लाटता लाटता थांबायची. कुठला रॉकर ढिला आहे ते तिला कळायचं. कसं, ते तिला सांगता यायचं नाही. सुरजीत आधी हसायचा, मग वाद घालायचा, मग झाकण पुन्हा उघडून चौथा रॉकर तपासायचा. आणि पट्टी तिथे सैल जायची.

"साब," तो बाबांना म्हणायचा, "भैणजी नूं मेरी दुकान ते बिठा दो. मैं घर जा के रोटी बनांदा हां."

आई हे ऐकून मराठीतच उत्तर द्यायची. "तुझ्या हातची पोळी कोण खाणार? त्यातही एक नट निघेल." आणि त्याला ते बरोबर समजायचं.

हे सगळं चालू होतं तेव्हा, ऐंशीच्या दशकातल्या पंजाबच्या खलिस्तानी दहशतीच्या वर्षांत, शहराला धार चढत होती. चौकाचौकात वाळूची पोती रचली जात होती. संध्याकाळनंतर गाडी चालवताना आतला दिवा लावायचा, म्हणजे नाक्यावरच्या शिपायाला चेहरे दिसतील, अशी सवय आम्हाला लागली होती. बसमध्ये सीटखाली बघून मग बसायचं. बेवारस डबा, पिशवी, रेडिओ, कशालाही हात लावायचा नाही. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज मेलेल्यांचे आकडे असायचे आणि आम्ही ते पान उलटून खेळाच्या पानावर जायचो. भीती खोटी नव्हती. हे मी आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल.

त्या उन्हाळ्यात आम्ही पिंजौरला गेलो होतो. परतताना मागच्या सीटवर आंब्यांची पेटी होती आणि गाडीभर तिचा वास. चढावर बाबांनी गिअर बदलला आणि पुढून एक कोरडा आवाज आला, सुपारी फुटावी तसा. मग गाडी लंगडायला लागली. दर ठोक्याला मागून फट् असा बार निघायचा.

"काहीतरी तुटलं," आई म्हणाली. "वाजत नाहीये, तुटलंय."

त्या बारांनिशी नाका ओलांडणं मी विसरलो नाही. पहिला फट् झाला आणि पोत्यांमागच्या शिपायाने बंदूक उचलली. बाबांनी दोन्ही हात काचेबाहेर काढले. शिपाई जवळ आला, आम्हाला बघितलं, आईचं कुंकू बघितलं, आंबे बघितले आणि म्हणाला, "जाओ जी. ठीक कराओ इसको, कोई मार देगा."

पुढच्या रविवारी सुरजीतने वरचं झाकण काढलं. एक स्प्रिंग मधोमध तुटली होती. तिच्या आधाराने वर येणारा व्हॉल्व्ह लोंबकळला, खालून पिस्टनने त्याला धडक दिली, व्हॉल्व्ह वाकला आणि त्याच्या रॉकरला खालून ढकलणारा लांब पुशरॉडही वाकला. सुरजीतने आमच्या जेवणाच्या टेबलावरची काच बाहेर आणवली आणि पुशरॉड एकेक करून तिच्यावर लोळवले. सरळ असलेले निमूट घरंगळत गेले. वाकलेला थडथडत गेला.

"हेड उतरेगा," तो म्हणाला. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा अर्धा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात. त्याने तो उतरवला, पोत्यात गुंडाळला, स्कूटरच्या पुढे पायांपाशी ठेवला. नवा व्हॉल्व्ह आणायचा, सगळे व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीत घासून घ्यायचे, पुढच्या रविवारी बांधून टाकायचं. गॅरेजमध्ये उरलं ते उघडं इंजिन: चार गोल विहिरी, त्यांच्या तळाशी काळे पिस्टन. जाताना तो आईला म्हणाला, "इसको ढक के रखना, भैणजी. नंगा है."

आईने त्यावर आपलं एक जुनं मऊ पातळ पांघरलं.

त्या आठवड्यात शहरात काय झालं ते मी इथे लिहीत नाही. तसं बरंच काही होत होतं, आणि त्यातलं हे एक. संचारबंदी लागली, उठली. आणि वसाहतीच्या फाटकावरच्या फळीवर एक कागद चिकटला. बाहेरच्या कारागिरांना आत प्रवेश बंद. खाली कमिटीच्या सदस्यांच्या सह्या. त्यात बाबांची होती. कमिटीत एक सरदारजीही होते, प्रयोगशाळेतले मोठे अधिकारी. त्यांची सही सगळ्यांत ठळक होती. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता कळतं की त्यांच्याइतकं घाबरायचं कारण त्या कागदावर दुसऱ्या कोणालाच नव्हतं.

कागदावर कोणाचं नाव नव्हतं. पण धोबी येत राहिला. नळवाला येत राहिला. गाद्या पिंजणारा त्याची तार टणत्कारत येत राहिला. रविवारी सुरजीत आला, पायांपाशी पोत्यात हेड, आणि चौकीदार नेगीने त्याला थांबवलं. नेगी गढवालचा, हडकुळा, भला माणूस. तो रडकुंडीला आला होता. "सरदारजी, मेरी नौकरी है."

सुरजीत हसला म्हणे. त्याला वाटलं काहीतरी चुकतंय. त्याने नेगीला सांगितलं, साहेबांना बोलाव. नेगी आमच्या दाराशी आला. मी दार उघडलं. बाबा आत पेपर वाचत होते.

"सांग, नंतर बघू," बाबा म्हणाले.

आणि मी ते नेगीला सांगितलं. 'बाद में देखेंगे.' जसं दिलं तसं पोचवलं.

लोक त्या वर्षांबद्दल बोलतात तेव्हा म्हणतात, तो काळच तसा होता. मला या वाक्याची चीड आहे. फळीवर कागद काळाने चिकटवला नाही. त्याला डिंक लावणारे हात होते, त्या हातांची आडनावं मला पाठ आहेत, त्यांच्या घरी मी दिवाळीचा फराळ पोचवला आहे. आमच्या वसाहतीत एकही माणूस वाईट नव्हता. सगळे नम्र, वाचणारे, मुलांच्या अभ्यासाची काळजी करणारे. आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की कागदावरचे 'बाहेरचे कारागीर' म्हणजे एकच निळी पगडी.

सुरजीतने निरोप धाडला: गाडीला दोर बांधून मनीमाजऱ्याला ओढून आणा, इथे बांधून देतो. बाबांना तेही नको होतं. त्या बाजारात कोणाच्या गाड्या उभ्या असतात ते पोलीस लिहून घेतात, असं त्यांनी ऑफिसात ऐकलं होतं. "थोडं थांबू," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरा मिस्तरी शोधला. सेक्टरच्या बाजारातला, पंडितजी म्हणून ओळखला जाणारा. तो आला, आईचं पातळ बाजूला केलं, चार विहिरींत डोकावला.

"किसने खोला?"

"वो... मनीमाजरे का एक है," बाबा म्हणाले.

"ज़िंदा है?"

"हाँ, हाँ."

"तो उसी से बँधवाओ जी." त्याने पातळ पुन्हा नीट पांघरलं. "दूसरे का खोला हम नहीं बाँधते."

बाबांनी दुसऱ्याला आणलं. तोही तेच म्हणाला. त्या धंद्यातली ही रीत होती. उघडणाऱ्याने काय बघितलं, काय काढलं, काय मनात धरून ठेवलं, ते त्यालाच माहीत. दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही. पहिला मेला तरच. बाबा चिडले. हे अडाणीपण आहे म्हणाले. आईच्या चेहऱ्यावर मात्र मी जे पाहिलं ते समाधान होतं. पंडितजी मिस्तरी कधी सुरजीतला भेटला नसेल. पण आमच्या वसाहतीतल्या सगळ्या सुशिक्षितांपेक्षा त्याने सुरजीतला जास्त मान दिला.

उन्हाळा सरला. पावसाळ्याचा दमटपणा आला. आई दर दोन-चार दिवसांनी पातळ उचलायची आणि चारही विहिरींत चमचा चमचा तेल सोडायची, गंज धरू नये म्हणून. गोडं तेल नव्हे, सुरजीतने ठेवलेल्या डब्यातलं. तिच्या हातांना त्या तेलाचा वास यायला लागला. भाकरीलाही यायचा. बाबा ताट सरकवून उठायचे.

एकदा जेवताना ती म्हणाली, "तुम्ही फाटकापाशी जाऊन उभे राहा. एवढंच. तो तुमच्याबरोबर आत येईल. नेगी काय तुम्हाला अडवणार आहे?"

"परिस्थिती बघ," बाबा म्हणाले.

"बघतेय. रोज बघतेय. गॅरेजमध्ये पडलीय ती."

"माझी नोकरी केंद्र सरकारची आहे. उद्या चौकशी लागली तर?"

"कसली चौकशी? टॅपेट लावल्याची?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरणाकडे पाहिलं. मला बाबांचा संताप येत होता, आणि मी वरणाकडे पाहिलं. आपण रागावलो आहोत म्हणजे आपण या सगळ्यापासून वेगळे आहोत, असं त्या वयात वाटतं. मला अजूनही कधीकधी वाटतं, म्हणूनच माझा माझ्या रागावर पूर्ण विश्वास नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आईने पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल, ढकल."

मला आधी समजलंच नाही. ती गॅरेजचं दार उघडून गाडीत बसली होती, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून. तिला गाडी येत नव्हती. "सरळ धरायचं एवढंच ना?" ती म्हणाली. "बाहेर जायला कुठे बंदी आहे? कागद नीट वाच. आत येऊ नये म्हणतात. बाहेर काढू नये असं नाही म्हटलेलं."

मी ढकलायला लागलो. हेड नसलेलं इंजिन आणि न्यूट्रलमधली गाडी, तशी हलकी जाते. घरांच्या ओळीमधून आम्ही निघालो. कोणी झाडांना पाणी घालत होतं, कोणी व्हरांड्यात दाढी करत होतं. कमिटीचे सेक्रेटरी साहेब टॉवेल गुंडाळून उभे होते. कोणी अडवलं नाही. मदतीलाही कोणी आलं नाही. टायर खड्यांवरून करकरत होते. माझ्या मानेवर घाम होता, आणि मी खरं सांगतो, मला लाज वाटत होती. आईची लाज. ती अशी चारचौघांत उठून दिसली याची.

नेगी फाटकात उभा राहिला. "माताजी, कहाँ?"

"बाहर. फाटक खोलो."

"पर इसमें तो इंजन का सर ही नहीं है."

"सर बाहर है," आई म्हणाली. "वहीं ले जा रही हूँ."

नेगीने एकदा घरांकडे पाहिलं. मग फाटकाचे दोन्ही पल्ले उघडले आणि मागे येऊन माझ्या शेजारी गाडीला खांदा लावला.

पलीकडे जांभळाखाली सुरजीत उभा होता. त्याची बायको बलबीर होती. हातगाडीवर हेड, डबे, पाने, नवी गॅस्केट. आईने हे सगळं कधी ठरवलं, कोणाकरवी निरोप धाडला, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

सुरजीत त्या दिवशी कमी बोलला. बाकीचे व्हॉल्व्ह बलबीरने घरी घासून ठेवले होते. नवा एक राहिला होता. व्हॉल्व्हच्या कडेला करडी पेस्ट लावायची, रबरी वाटी असलेली लाकडी काठी त्याला चिकटवायची आणि ती काठी दोन तळव्यांमध्ये धरून उलटसुलट फिरवायची, की व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांना घासत जुळतात. बलबीर रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली. आई तिच्यासमोर बसली आणि थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. बलबीरने काठी दिली. आई ताक घुसळावं तशी ती फिरवायला लागली. खरखर आवाज हळूहळू मऊ होत गेला.

"बस?" बलबीरने विचारलं.

"अभी नहीं. अभी खुरदरा बोल रहा है."

नाक्यावरचा शिपाई येऊन विचारून गेला. बलबीरकडे बघून, सुरजीतकडे बघून, त्याने आईला विचारलं, "आप इनको जानती हैं?"

"मेरा मिस्तरी है," आई म्हणाली. एवढंच. मला तेव्हा कळलं की हे वाक्य इतकं लहान होतं. बाबांनी हेच वाक्य फाटकापाशी म्हणायचं होतं. ते म्हणायला त्यांना उन्हाळा आणि पावसाळा पुरला नाही.

बाबा दुपारी फाटकापर्यंत आले. आतल्या बाजूला उभे राहिले. "झालं का?" त्यांनी मराठीत विचारलं.

"बाहेर या आणि बघा," आई म्हणाली.

ते तिथेच उभे राहिले. सुरजीतने त्यांच्याकडे पाहून पाना असलेला हात कपाळाला लावला आणि पुन्हा वाकला. त्याने हेड बसवलं, मधून कडेकडे जात नट आवळले, पुशरॉड आत सोडले, त्यांच्यावर रॉकर बसवले. पोलादी पट्टी काढली. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक रॉकरनंतर तो थांबून आईकडे बघत होता, इंजिन बंद असताना ऐकायला काय आहे हे दोघांनाही माहीत असूनसुद्धा. मग किल्ली फिरवली. गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि लागली. आई बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिली. बराच वेळ.

"कौन सा?" सुरजीतने विचारलं.

"कोई नहीं," आई म्हणाली.

त्या दिवशी त्याच्या हातात एकही नट शिल्लक राहिला नाही. तो स्वतःच त्याने दचकला आणि पोतं झटकून झटकून शोधत राहिला, तेव्हा कुठे बलबीर हसली.

"अंदर लगा दो," आई त्याला म्हणाली. "गॅरेज में."

सुरजीतने किल्ली तिच्या हातात ठेवली. "गड्डी तुहाडी है, भैणजी. गेट ओहनां दा." गाडी तुमची, फाटक त्यांचं.

आईने क्षणभर विचार केला. मग काचा वर केल्या, दारं लावली, कुलपं लावली आणि गाडी तिथेच सोडून घरी आली.

ती गाडी पुन्हा कधी आत आली नाही. आम्ही तिथे राहिलो तोवर ती जांभळाखाली उभी राहिली. उन्हाळ्यात तिच्या टपावर जांभळांचे डाग पडायचे, थंडीत धुक्यात तिचा नुसता आकार दिसायचा. बाबांना रोज ऑफिसला जाताना फाटकाबाहेर चालत जावं लागे. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की आत घेऊ. कमिटीने तो कागदही कधी मागे घेतला नाही. डिंक सुकला आणि तो पडला. असंच होतं आपल्याकडे. अन्याय ठराव करून येतो आणि जाताना नुसता गळून पडतो, म्हणजे कोणाला माफी मागावी लागत नाही.

सुरजीत फाटकाशी पुन्हा आला नाही. पण अधूनमधून सकाळी बाबांनी गाडी सुरू केली की फाटकापर्यंत आलेली आई थांबून ऐकायची. "कालच्यापेक्षा शांत आहे," ती म्हणायची. आणि बॉनेट उचललं की त्याच्या आतल्या बाजूला, उचलताना तळवा टेकतो तिथे, ताजा काळा ठसा असायचा. पाचही बोटं. जाळीतली ती तार ओढून कोणीतरी टॅपेट लावून गेलेलं असायचं. त्या दिवसांत, उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या गाडीच्या बॉनेटमध्ये हात घालायचा, तोही निळी पगडी बांधून, नाक्यावरच्या बंदुकांसमोर. मी नेगीला विचारलं. तो म्हणाला, "मैंने तो जी कुछ नहीं देखा," आणि त्याच्या तोंडावर हसू होतं.

मग एका हिवाळ्यात गाडी वाजायला लागली आणि वाजतच राहिली. आई मला घेऊन रिक्षाने मनीमाजऱ्याला गेली. गल्लीच्या तोंडाशी सुरजीतच्या गॅरेजचं शटर खाली होतं. शेजारचा रेडिएटरवाला म्हणाला, गावाला गेला. समोरचा चहावाला म्हणाला, कुठलं गाव, तो तर दिल्लीला. तिसऱ्याने आम्ही विचारायच्या आतच मान वळवली. आई शटरसमोर उभी राहिली. आत शिरणारी गुळगुळीत तेलकट वाट तेवढी राहिली होती, त्याच्या स्कूटरच्या चाकाने केलेली.

पुढच्या रविवारी बाबा गाडी धूत होते. ते हल्ली स्वतः धुवायचे. बादली, साबण, जुना बनियन. टप पुसला, दारं पुसली, मग बॉनेट उचलून आतली बाजू पुसायला घेतली. मी जवळ जाऊन पाहिलं. ते सगळीकडून फडकं फिरवत होते आणि सुरजीतच्या हाताच्या त्या शेवटच्या काळ्या ठशाभोवतीने वळसा घेत होते. बोटांच्या मधली जागासुद्धा नखाने फडकं धरून, जपून.

"तेवढं राहिलंय," मी म्हणालो.

"राहू दे," बाबा म्हणाले.

माझं डोकं सणकलं. फाटकापर्यंत चार पावलं चालता आली नाहीत, आणि आता हे. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, पेट्रोलमध्ये बुडवलं आणि तो ठसा पुसून काढला. बाबा बघत राहिले. अंगठा सगळ्यांत शेवटी निघाला.

आई खिडकीत नव्हती, फाटकात होती. किती वेळ होती माहीत नाही. ती आमच्याजवळ आली, माझ्या हातातलं काळं झालेलं फडकं घेतलं, पिळलं नाही, झटकलं नाही, तसंच घडी घालून आत घेऊन गेली.